तिसरा पेड

फार पूर्वी, एका उंच कड्याच्या टोकावर वसलेल्या गावात दोर वळणाऱ्यांची एक मोठी पडवी होती. तिथले दोर कमरेला बांधून मध काढणारे लोक कड्यावरून खाली उतरत. दोर टिकला तरच माणूस संध्याकाळी घरी येई.

एके सकाळी त्या पडवीत एक मुलगी कामाला लागली. तिचं ते पहिलंच काम. आईने फडक्यात भाकरी बांधून दिली होती, ती तिने छातीशी धरली होती. वाटभर ती मनाशी एकच घोकत होती, 'काही चुकायला नको. कुणी हसायला नको.'

पडवीच्या म्हाताऱ्या मालकाला सगळे बाबा म्हणत. बाबा घाईत होते. हातातला वाख, म्हणजे दोर वळायचे अंबाडीचे तंतू, विंचरता विंचरताच ते म्हणाले, "दाराजवळचा वाख दोराला घे. दुसरा ढीग जास्त भिजून कुजलाय, तो चुना लावायच्या कुंचल्यांसाठी. कळलं?"

मुलीने मान हलवली. बाबा निघून गेले, आणि मग तिच्या लक्षात आलं, की पडवीला दारं दोन आहेत. एक पुढचं, एक मागचं. दोन्ही दारांजवळ वाखाचा एकेक ढीग होता, आणि तिला दोन्ही सारखेच दिसत होते.

विचारावं म्हणून ती वळली. तेवढ्यात मिशीवाला कारागीर शेजारी दोर वळत बसलेल्या मावशीला म्हणाला, "नवीन दिसतेय. वाख कुठला नि गवत कुठलं, एवढं तरी हिला कळतं का विचारा!"

मावशी खुदकन हसली. मुलीने प्रश्न गिळला. तिने अंदाजानेच मागच्या दाराजवळचा वाख उचलला.

दोर तीन पेडांचा असे. एक पेड मिशीवाल्याने वळला, एक मावशीने आणि तिसरा मुलीने. मग तिन्ही पेड एकत्र पिळले. मिशीवाल्यानेसुद्धा कबूल केलं, "हात बरा आहे हो पोरीचा." मुलीला आता कुठे जरा हायसं वाटलं. तिने भाकरीचं फडकं सोडलं.

पहिला घास तोंडात होता, तेव्हा मावशी मागच्या दाराकडे गेली, त्या ढिगातला वाख कवेत घेऊन आली आणि कुंचले बांधायला बसली.

"मावशी, हा वाख..."

"कुंचल्यांचाच की. का गं?"

"काही नाही."

मुलीने भाकरी पुन्हा फडक्यात बांधली. दोराकडे पाहिलं तर तो एकसारखा, चकचकीत दिसत होता. आतला कुजका पेड कुणालाही दिसणार नव्हता. सांगावं, तर आजच घरी पाठवतील. आईने तर शेजारीपाजारी सांगून ठेवलंय. 'दोन पेड चांगले आहेत,' ती स्वतःला समजावू लागली. 'टिकेलही.'

त्या पडवीची एक रीत होती. नवा दोर मध काढणाऱ्यांच्या हाती देण्याआधी बाबा स्वतः त्यावर लोंबकळत. दिवस कलायला लागला तशी सगळी मंडळी कड्यावर गेली. दोर झाडाला बांधला, दुसरं टोक बाबांनी कमरेला बांधलं आणि ते अगदी कडेला जाऊन उभे राहिले. त्यांच्या पायाखालचा एक खडा निसटला. मुलगी कान देऊन ऐकत राहिली. खडा खाली पोचल्याचा आवाज काही आला नाही.

"पहिला पेड?" बाबांनी रीतीप्रमाणे विचारलं.

"पक्का, बाबा," मिशीवाला म्हणाला.

"दुसरा?"

"पक्का," मावशी म्हणाली.

"तिसरा?"

मुलगी दोराकडे पाहत राहिली. उत्तर ठरलेलंच असं धरून बाबा दरीकडे पाठ करून मागे झुकू लागले.

"कच्चा!" ती ओरडली. "बाबा, उतरू नका! मी मागच्या दाराजवळचा वाख घेतला!"

बाबा कडेपासून मागे आले. कमरेचा दोर सोडून त्यांनी तो एका मोठ्या धोंड्याला बांधला आणि मिशीवाल्याच्या मदतीने धोंडा खाली ढकलला. दोर ताणला गेला. आधी एक बारीक कुरकुर ऐकू आली, मग फाडकन आवाज झाला. धोंडा दरीत आपटल्याचं ऐकू आलं तेव्हा मावशीने तोंडावर पदर धरला होता.

बाबा मटकन खाली बसले.

"सकाळीच का नाही विचारलंस, पोरी?"

"सगळे हसले असते."

"हसले असते. घटकाभर हसले असते आणि विसरले असते." बाबांनी तुटक्या दोराकडे पाहिलं. "मीही दोन दारांच्या पडवीत नुसतं 'दाराजवळचा' म्हणालो. चूक माझीही आहे. पण ती मला फक्त तूच सांगू शकत होतीस."

दोर न्यायला आलेले मध काढणारे रिकाम्या हाताने, चिडून परत गेले. सगळा दोर नव्याने वळावा लागणार होता. मुलीला वाटलं, आपलं काम गेलं. पण बाबा उठताना एवढंच म्हणाले, "उद्या लवकर ये."

दुसऱ्या दिवशी वाख हातात घेण्याआधी ती मिशीवाल्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, चांगला वाख हाताला कसा लागतो?"

मिशीवाला सवयीने हसला. मुलगी हलली नाही. त्याचं हसू संपेपर्यंत ती थांबली. मग त्याने तिचा हात धरून वाखावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.

तात्पर्य: लोक हसतील म्हणून प्रश्न गिळू नये, आणि चूक झालीच, तर तिचा भार दुसऱ्याच्या जिवावर पडण्याआधी तोंड उघडावं.