नासपतीची अढी

थांबा मंडळी, जरा वर बघा. कुसरवाडीच्या वाघजाईच्या देवळामागे उभी आहे ती नासपती. फाल्गुनात अशी पांढरी फुलते, की पान दिसत नाही. तिच्या फुलांची भजी होतात आणि फळांचं तर विचारूच नका! पण एके काळी गावात हिला नुसतं शोभेचं झाड म्हणत. फळ दगडासारखं, चावलं तर तोंड वाकडं व्हायचं. गुरंही हुंगून पुढे जात म्हणे.

असं सांगतात, की भागिरथीबाईंच्या घरी सगुणा सून होऊन आली, ती घाटाखालच्या आंबेवाल्यांची लेक. आल्या आल्या पोरीनं या झाडाची ओटीभर फुलं तोडली आणि पिठात घोळवून तळली. अगं बाई, देवीच्या दारची फुलं! भागिरथीबाईंचा पारा चढला. दसऱ्याला हिच्या बापाला बोलावून हिला कायमची माहेरी धाडायची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. हे सगुणाच्या कानावर गेलं. नवरा भला होता, घर आवडलं होतं. तिला परत जायचं नव्हतं.

"सासूच्या मनात अढी आहे गं," शेजारच्या काशीकाकू म्हणाल्या.

आता आंबेवाल्यांच्या घरी अढी एकच, पेंढ्यात पिकत घातलेल्या फळांची. सगुणाला वाटलं, सासूबाईंच्या मनात अढी घालायची आहे! घालू की! पण घाटावर तेव्हा आंबा औषधालाही नव्हता. मग तिनं भाद्रपदात ही टणक नासपतीच गोळा केली आणि माळ्यावर पेंढ्यात नीट रचून ठेवली.

दसऱ्याला बाप येऊन ओसरीवर बसला. सुनेचं गाठोडं काढायला भागिरथीबाई माळ्यावर चढल्या, तर काय घमघमाट! पेंढा सारला, खाली पिवळीधमक फळं. एक चावलं, रस कोपरापर्यंत ओघळला.

"कुणी गं घातलीत ही?" त्यांनी खाली उभ्या असलेल्या सगुणाला विचारलं.

"मीच, आत्याबाई. तुमच्या मनात अढी आहे असं काकू म्हणाल्या. उशीर झाला का हो?"

भागिरथीबाई तिथेच बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "नाही गं बाई, वेळेवर पिकली." खाली येऊन त्यांनी व्याह्यापुढे टोपली ठेवली. "लेक न्यायला आलात, पण ती काही मिळायची नाही. ही फळं न्या."

आजही कुसरवाडीत घरोघरी नासपतीची अढी घालतात. वर्षभर ज्याच्याशी अबोला धरला, त्यालाच दसऱ्याला घरी बोलवायचं आणि पेंढा त्याच्या हातानं काढायचा. रुसून बसणाऱ्याला फळ मिळत नाही, आणि वास तर साऱ्या आळीत सुटलेला असतो!