खमिरावरचं झाकण

"पण शब्द कुणाचा, बाबा? आपला की त्यांचा?"

बाबा प्रोकोप कोपरापर्यंत पिठात होते. मठाचा पाव गेली चाळीस वर्षं तेच भाजत. त्यांनी कणकेचा गोळा उलटला, थोपटला.

"कुठला शब्द?"

"ख्लेब!" बोगदान जवळजवळ ओरडलाच.

ख्लेब म्हणजे पाव. सगळ्या स्लाव लोकांच्या तोंडी पार आदिकाळापासून रुळलेला शब्द. पण पंडित म्हणत, हा तुमचा नव्हेच. नदीपलीकडच्या जर्मनांच्या पूर्वजांकडून तुम्ही फुगलेला पाव घेतलात, तेव्हा त्याचं नावही उचललंत. हे ऐकलं की बोगदानचं पित्त खवळायचं. आपण त्याला हसू नये. 'पाव' हा शब्द आपण तरी कुठून आणला? पोर्तुगिजांना विचारा!

तर बोगदानने सात वर्षं खपून ग्रंथ लिहिला होता. पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरं: 'ख्लेब मुळापासून शेंड्यापर्यंत आपलाच.' तीन दिवसांनी बिशप येणार होते. ग्रंथ पसंत पडला, तर मठाची शाळा बोगदानच्या हाती. नाही पडला, तर पुन्हा मठाची डुकरं राखायची. तिथूनच तो शिकून वर आला होता, आणि तो वास अजून त्याच्या स्वप्नात यायचा.

"एक साक्ष हवी आहे," तो म्हणाला. "लिहून द्या, की आपल्या पावात परकं काही नाही."

"पीठ आपलं," बाबा म्हणाले. "पाणी आपलं. मीठ... मीठ व्यापारी आणतो, ते सोड."

"सोडलं."

"आणि खमीर नदीपलीकडचं. तिथल्या वाल्बुर्गाबाईच्या आईने दिलेलं."

बोगदानने कोपऱ्यातल्या लाकडी बादलीकडे पाहिलं. आत जुनं आंबलेलं पीठ बुडबुडत होतं. रोज त्यातलं थोडं वापरायचं, रोज थोडं नवं पीठ घालायचं. दह्याला विरजण असतं ना, तसं. इतकी वर्षं हेच खात होतो आपण?

दुपारी बाबांचा डोळा लागला. बोगदानने बादली उचलली आणि थेट डुकरांपुढे ओतली. डुकरांनी मिटक्या मारत खाल्लं. त्यांना शब्दाच्या उगमाशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीचा पाव फुगलाच नाही. काळा, चपटा. एका साधूने तो टेबलावर आपटून पाहिला.

ठण्ण.

जेवताना बोलायचं नाही, हा मठाचा नियम; म्हणून बोगदान शिव्यांतून वाचला. पण बादलीची गोष्ट मठभर झाली होती. तीस जणांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं, आणि ते शिव्यांहून वाईट होतं.

जेवणं आटोपली. म्हणजे, लोक उपाशी उठले.

"निदान आपला तरी आहे," बोगदान पुटपुटला.

"आहे ना!" बाबा म्हणाले. "मुळापासून शेंड्यापर्यंत. खा."

त्याने चावा घेतला. दाढ अशी ठणकली, की डोळ्यांत पाणी आलं.

"परवा बिशप जेवायला आहेत," बाबांनी रिकामं भांडं त्याच्या हातात दिलं. "जा. मागून आण."

"मी? पलीकडे?"

बाबांनी नुसतं दाराकडे बोट केलं...

वाल्बुर्गाबाई दारातच शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना मोडकीतोडकी स्लाव भाषा येत होती, आणि ती त्या भरपूर बोलत.

"खमीर? तुमचं काय झालं?"

"गेलं."

"कुठे गेलं?"

"...डुकरांच्या पोटात."

बाई इतक्या हसल्या, की मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या. "अरे देवा! ने बाबा, ने. तुमचंच आहे. मागच्या हिवाळ्यात माझं गारठून मेलं, तेव्हा तुझ्या म्हाताऱ्यानेच आणून दिलं होतं."

बोगदानच्या जिवात जीव आला. "म्हणजे मुळात आमचंच!"

"मुळात कसलं? तुम्हाला ते माझ्या आईने दिलं."

"आणि आईला?"

"तिचं एकदा मेलं होतं, तेव्हा तुमच्या मठातून."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी मी जन्मले नव्हते," बाई म्हणाल्या. "भांडं पुढे कर. आणि रीत माहीत आहे ना? पहिल्या पिठातला एक गोळा मला परत."

बिशप यायच्या दिवशी सकाळी पीठ टम्म फुगलं. बाबांनी त्यातला एक गोळा तोडून भांड्यात घातला.

"नावाडी निघालाय. झाकून दे, धूळ बसेल."

मठातली सगळी फडकी पावांवर होती. बोगदानने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. काखेत ग्रंथ होता. सात वर्षं... अगदी जिवावर आलं त्याच्या. बाबा भट्टीत लाकडं सारत राहिले, मागे वळलेसुद्धा नाहीत.

बोगदानने पहिलं पान अलगद काढलं, भांड्यावर पसरलं, आणि सुतळीने बांधून टाकलं.

दुपारी बिशप जेवले; असा पाहुणा असला, की जेवताना बोलायची मुभा असे. एक तुकडा, दुसरा, तिसरा. दाढीतला चुरा झटकत म्हणाले, "वा! आता ग्रंथ आणा."

त्यांनी तो उघडला. कपाळाला आठ्या पडल्या.

"हा दुसऱ्या पानापासून सुरू होतो. पहिलं कुठे आहे?"

बोगदानला एका डोळ्यापुढे शाळा दिसली, दुसऱ्यापुढे डुकरं. उंदरांनी खाल्लं म्हटलं असतं, तरी खपलं असतं.

"पलीकडे गेलं, स्वामी," तो म्हणाला. "खमिरावर झाकण म्हणून."

"त्यावर काय लिहिलं होतं?"

"की... ते आपलंच आहे."

तीस साधूंचे घास हातातच राहिले. बिशपांची दाढी हलली. रागाने की हसण्याने, ते कळेना. त्यांनी बाबांकडे पाहिलं.

बाबांनी पावाचा चौथा तुकडा त्यांच्या ताटात ठेवला.

"काळजी नसावी, स्वामी. आपलं खमीर पुन्हा मेलं, की पान परत येईल."