ससाणेरावांचं पोट

फार जुनी गोष्ट, पक्षी अजून पोटाच्या सल्ल्यानं उडायचे तेव्हाची. ससाणेराव एकदा गुर्मीत दाट ढगात शिरले. आत खाली-वर काही दिसेना. हळूहळू डोक्यात रक्त उतरलं. त्यांना वाटलं, रुबाब चढला!

तेवढ्यात समोरून बगळा आला. चोचीवर चोच आपटता आपटता राहिली.

"अहो बगळोबा, असे उलटे काय उडताय?"

"उलटे तुम्ही आहात, राव! वर समजून निघालात खरे, पण खाली कड्यावर आपटाल!"

"मला शिकवतोस? माझं पोट सांगतंय, मी सरळ आहे!"

"मग पोटालाच कामाला लावा. जरा शिटून बघा. पोटाखाली पडलं तर मी खोटा."

ससाणेराव इरेला पेटले आणि शिटले. सगळा प्रसाद त्यांच्याच पोटावर आला. माप खोटं निघाल्यावर दुकानदार तराजूकडे बघतो, तसे ते पोटाकडे बघत राहिले. मग पालथे झाले. ढग सरला, तर कड्याचे दगड नखांना चाटून गेले.

तरी ससाणेराव मान ताठ करून म्हणाले, "केवळ तुमचा मान राखायला सुलटा झालो हो!"

"उपकार झाले, राव," बगळा म्हणाला. "आता तळ्यावर चला, अंग धुऊन घ्या."