रिकाम्या वस्तू काढून टाकते

फार जुनी गोष्ट नाही. संगणकावरचे खेळ बांधणारा एक वृद्ध कारागीर होता आणि त्याच्या हाताखाली दहा वर्षे शिकलेला एक शिष्य होता. खेळ ज्या प्रणालीत बांधतात तिला गेम इंजिन म्हणतात. हे बांधकाम अलीकडे माणसांबरोबर, सांगितलेले काम स्वतः पार पाडणारे एआय एजंटही करू लागले होते. एजंटापुढे आज्ञांची एक यादी असते आणि प्रत्येक आज्ञेखाली ती काय करते याची माहिती. त्यापलीकडे त्याला काही ठाऊक नसते. ही माहिती लिहिण्याचे काम शिष्याकडे होते. एकशे चाळीस आज्ञांची माहिती त्याने दोन दिवसांत लिहून संपवली होती आणि त्याला त्याचा अभिमान होता.

त्या वेळी धरणाच्या पाण्यात बुडालेल्या एका गावाचा खेळ बांधला जात होता. उठून गेलेल्यांच्या नातवंडांना पडद्यावर तरी त्या गावात हिंडता यावे, हा हेतू. गावातल्या ठकूबाई आणि त्यांचे थोरले भाऊ चार महिने शिष्याच्या शेजारी बसून सांगत होते : इथे लोहाराचा भाता, इथून पाणवठ्याची वाट, या दगडावर दुपारी अमका बसायचा. शिष्याने प्रत्येक जागी एक खूण रोवली. अशी खूण पडद्यावर दिसत नाही. तिला रूप नसते, रंग नसतो, तिच्या आत काहीच नसते. मात्र खेळ सुरू झाला की माणसे आपापल्या खुणेवर येऊन उभी राहतात. काम संपले आणि महिन्याभरात भाऊ वारले.

एके दिवशी कार्यशाळेच्या मालकाने एजंटाला सांगितले, "गाव फार जड चालतंय, जरा साफसफाई कर." एजंटाने यादी पाहिली. एका आज्ञेखाली शिष्याने लिहिले होते, 'रिकाम्या वस्तू काढून टाकते.' एजंटाने ती आज्ञा चालवली आणि काम जतन केले.

त्यानंतर खेळ उघडला तेव्हा घरे जागच्या जागी होती, झाडे होती, आणि गावातली सगळी माणसे एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगात घुसून उभी होती. रिकाम्या म्हणून खुणाच काढल्या गेल्या होत्या, आणि राखून ठेवलेली प्रत त्या रोवण्यापूर्वीची निघाली.

"रविवारी ठकूबाई बघायला येणार आहेत," मालक म्हणाला. "त्यांना कळवून टाका, यंत्रानं घोळ घातला म्हणून. लोकांना ते पटतं."

"खोटं काय आहे त्यात?" शिष्य म्हणाला. "मूर्ख आहे ते. शेंबड्या पोरालाही कळलं असतं."

वृद्धाचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "माझ्या घरी चल," एवढेच तो शिष्याला म्हणाला.

घरी गेल्यावर त्याने शिष्याच्या हातात एक पोते दिले. "घरातल्या रिकाम्या वस्तू यात भर. मी बाहेर बसतो."

शिष्याला याचा अर्थ कळेना, पण तो कामाला लागला. तेलाच्या बाटल्या, बिस्किटांचे डबे, औषधांची खोकी त्याने पोत्यात टाकली. खिडकीत रेडिओशेजारी चष्म्याचे एक घर होते. त्याने ते उघडून पाहिले. चष्मा नव्हता. त्याने ते मिटले आणि जसे होते तसे, त्याच कोनात, परत ठेवले.

वृद्धाने पोते तपासले. "चष्म्याचं घर राहिलं."

"राहिलं नाही काका, ठेवलं."

"रिकामं होतं ना?"

"होतं."

"ते सोड, असं मी सांगितलं होतं का?"

"सांगायला कशाला हवं? काकूंचं आहे ते, त्या गेल्यापासून तिथंच आहे. दहा वर्षं येतोय मी या घरात."

"आणि ते यंत्र त्या गावात किती वर्षं येत होतं?"

शिष्य म्हणाला, "त्यानं निदान विचारायचं तरी."

"विचारायला हवं होतं. पण कधी थांबायचं, कुणाला विचारायचं, हे कागदावर कुणी लिहायचं होतं?" वृद्ध म्हणाला. "खुणा तूच रोवल्यास. त्या आतून रिकाम्या असतात हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आपली माणसं न सांगता ओळखतात, म्हणून आपण सांगायचं सोडून दिलं. मग एक परका येतो. त्याच्यापाशी तुझ्या कागदाशिवाय काही नाही. त्याला तू चार शब्द दिलेस. त्यानं ते चारही पाळले, आणि तू त्याला मूर्ख म्हणालास. याचा मला राग आहे. त्या बाईंच्या भावानं दाखवलेल्या जागा तुझ्या घाईनं गेल्या. यंत्रावर ढकललंस तर ते मुकाट ऐकून घेईल, म्हणूनच ढकलायचं नाही."

शिष्य रविवारपर्यंत थांबला नाही. दुसऱ्याच दिवशी तो ठकूबाईंच्या वसाहतीत गेला आणि म्हणाला, "आजी, खुणा गेल्या. मशीननं नाही घालवल्या, माझ्यामुळे गेल्या."

ठकूबाई म्हणाल्या, "मला ठाव हायेत त्या सांगते. वरल्या आळीच्या दादालाच ठाव होत्या."

"मग तिथं काय करू?"

"काय करू नको. अंदाजानं कुणाला उभं करशील तर बघ. मोकळीच ऱ्हाऊ दे ती."

खेळात आजही वरच्या आळीत घरे आहेत, पण माणूस नाही. त्या आज्ञेखालची माहिती आता पानभर आहे. तिच्या सुरुवातीला शिष्याने लिहिले आहे : 'रिकामी दिसणारी वस्तू ही कोणाची तरी जागा आहे असे धरून चालावे. काढण्यापूर्वी, जो तिथे राहिला आहे त्याला विचारावे. काढलेली परत येत नाही.'