एलईडीचा मुजरा

आंबेखोऱ्यात शार्दूलराजे सरकारांना सगळा गाव मुजरा करतो, एक सुगंधा लोहार सोडून! हे सरकारांना सहन होईना. त्यांनी हुकूम सोडला, मुजरा कर, नाहीतर वेल्डिंगचं दुकान उचल.

दुकान होतं सरकारांच्या बंगल्याच्या फाटकापाशी, सरकारांच्याच जागेत. बापाने उभी केलेली पत्र्याची शेड, एक मशीन आणि दाराशी बांधलेली शेळी, एवढाच सुगंधाचा संसार होता.

खरं सांगायचं तर मुजऱ्याची ही साथ गावात येऊन जेमतेम महिना झाला होता. संस्थान केव्हाच खालसा झालेलं. सरकारांकडे उरले होते एक जुनी मोटार आणि एक अप्पा कारभारी. दोघांचा आवाज भरपूर, काम बेताचं. सरकार रोज संध्याकाळी मोटारीतून गावात फेरी मारत आणि लोक पाठ करून बिड्या ओढत. मग अप्पांनी शहरातून एलईडी बल्ब आणले. पिवळट बल्ब काढून त्यांच्याच जागी हे पांढरेफटक बसवले आणि त्याच संध्याकाळी चमत्कार झाला. मोटार समोर आली की माणसाचा हात कपाळाकडे! हेडमास्तरांचा गेला, सरपंचांचा गेला. सदबा गवळ्याने तर सायकलवरून दोन्ही हात वर केले आणि तो कॅनसकट खड्ड्यात साष्टांग पडला.

"निष्ठा अजून जिवंत आहे, अप्पा," मागच्या सीटवर सरकारांचे डोळे भरून आले.

"रक्तातच असते ती, सरकार," पुढच्या सीटवरून अप्पा म्हणाले.

सरकारांनी सदबाला शेला पाठवला. सदबाला सांडलेलं वीस लिटर दूध परत हवं होतं, पण शेल्याला नाही कोण म्हणणार?

सुगंधा मात्र त्या वेळी रस्त्याकडेला, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा लावून वेल्डिंग करत असायची. तिचा हात काही वर जाईना. शेवटी हुकूम ऐकून ती बंगल्यावर आली.

"का गं, आम्हाला मुजरा का करत नाहीस?" सरकारांनी विचारलं.

"सरकार, मुजरा कुनीच करत न्हाई. गाडीच्या दिव्यांनी डोळं दिपत्यात, म्हनून लोक हात आडवा धरत्यात."

"तोंड सांभाळ," अप्पा म्हणाले.

"खोटं न्हाई, अप्पा. जुन्या बल्बासाठी केलेल्या दिव्यात तुम्ही नवा एलईडी घुसवला. उजेड रस्त्यावर पडायचा, त्यो समोरच्याच्या डोळ्यांत जातोय. सदबा खड्ड्यात पडला. उद्या कुनी चाकाखाली यील."

सरकारांचा चेहरा लाल झाला. महिनाभराचं सुख ही पोरगी दोन वाक्यांत काढून घेत होती.

"आमच्या सात पिढ्यांत कुणाचा हात कुणापुढे कपाळाला गेलेला नाही," ते म्हणाले. "हात असा आपोआप वर जातो म्हणतेस ना? मग उद्या आमचा हात वर करायला लावून दाखव. गेला तर शेडची जागा तुझी. नाही गेला तर परवा तिथे शेड दिसता कामा नये."

अप्पा हसले, कारण अशा वेळी हसणं हे त्यांचं कामच होतं. सुगंधाने शेडकडे पाहिलं. एवढं जड मशीन घेऊन जायचं कुठे? पण ती म्हणाली, "चालंल. उद्या दिवेलागणीला सरकारांनी फाटकाबाहेर रस्त्यावर उभं ऱ्हावं. एक पाव्हनं येत्याल. त्यास्नी चालवत आननं बरं दिसत न्हाई, तवा सरकारांची गाडी तेवढी द्यावी."

"पाहुणे कोण?"

"आल्यावर दिसतीलच. पर सरकारांपरीस मोठं न्हाईत."

"मग खुशाल ने," सरकार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सरकार फेटा बांधून रस्त्यावर आले. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे घट्ट धरले होते. शेजारी अप्पा, आजूबाजूला गाव. सरकार तीस वर्षं मागच्या सीटवर बसत आले होते. आपली गाडी समोरून कशी दिसते, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

ड्रायव्हर इसाकभाईंनी गाडी वळणावरून आणली. दोन्ही दिवे सरकारांच्या तोंडावर आले. सरकारांनी आधी मान फिरवली, मग डोळे मिटले. हात अजून पाठीमागेच होते. गाडी आणखी दहा हात पुढे आली आणि सरकारांचा उजवा हात सुटला, तो थेट कपाळावर! अप्पांचे तर दोन्ही गेले.

गाडी थांबली. सुगंधाने अदबीने मागचं दार उघडलं. सरकारांच्या लोडाला टेकून शेळी निवांत रवंथ करत होती.

"पाव्हन्यांनी मुजरा घेतला, सरकार," सुगंधा म्हणाली.

सरकारांनी शेळीकडे पाहिलं, मग अजून कपाळावरच असलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं.

"म्हणजे महिनाभर त्या सीटवर आम्ही..."

"व्हय सरकार. आत कोन बसलंय, ते दिव्याला कळत न्हाई."

सरकार असे हसले, असे हसले की फेटा कानावर आला. अप्पांनी आधी सरकारांकडे बघून घेतलं, मग तेही हसले.

सदबाच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळीच दुधाने भरलेले कॅन पोचले. नुसते बल्ब नव्हे, तर त्या गाडीच्या मापाचे आख्खे एलईडी दिवे आणून, त्यांची मान रस्त्याकडे वाकवून बसवायचं काम सुगंधाला मिळालं. आणि जागेचा कागद सरकारांनी स्वतः शेडपर्यंत चालत येऊन तिच्या हातात ठेवला. कागद घेताना सुगंधाचा दुसरा हात कपाळाला गेला.

"हा तरी मुजराच ना?" सरकारांनी विचारलं.

"ऊन डोळ्यांवर येतंय, सरकार."

सरकार पुन्हा खो खो हसले. हसत हसतच दोन पावलं बाजूला सरकले आणि आपली सावली तिच्या तोंडावर पडेल असे उभे राहिले.

तिचा हात कपाळावरच होता.