बदकांचा पूल

डॅन्यूब नदीकाठची शहरं जेव्हा पशुपक्ष्यांची होती, तेव्हाची ही गोष्ट. सगळी शहरं मिळून एका सामायिक वखारीत लाकूड जमा करायची आणि जे शहर मागे पडलं असेल त्याला त्यातून मदत मिळायची. अट एवढीच, की बांधायची मेहनत त्या शहरानं करायची. वाटपाचं काम मारिस्का नावाच्या करकोचीकडे होतं.

एकदा बदकांच्या शहराचा प्रमुख लाझ्लो तिच्याकडे आला. "बाई, आम्हाला पूल हवा."

"पूल? अहो, तुम्ही तर पोहता!"

"म्हणून काय झालं? शेजारच्या उंदरांना मिळाला, मग आम्हाला का नाही?"

मारिस्काला आलेलं हसू तिनं चोचीतच दाबलं. "मंजूर! मात्र पूल झाला की पलीकडे पुलावरूनच जायचं. पोहायचं नाही."

पूल झाला. उद्घाटनाला बँड वाजला. मग बदकं दाणे टिपायला डुलत डुलत पूल ओलांडू लागली. उन्हानं फळ्या तापल्या, पाय पोळले आणि खाली गार पाणी नुसतं बघत राहावं लागलं. शेवटी बदकिणींनी लाझ्लोला घेरलं. "आपली अंडी दरवर्षी पुरात वाहून जातात, ते नाही सांगितलंत तिथं!"

लाझ्लो मान खाली घालून परत आला. "बाई, पुलाची लाकडं काढून उंच घरटी बांधली तर चालेल?"

"कधीची वाट बघतेय मी या प्रश्नाची!" मारिस्का म्हणाली.

पुढच्या वसंतात पूर आला, पण एकही अंडं वाहून गेलं नाही. मारिस्का समाधानानं जरा डोळे मिटते, तोच उंदरांचा प्रमुख धापा टाकत आला. "बाई, आम्हालाही उंच घरटी हवीत!"