मास्तरांच्या नाटकातला भालदार

एका गावात एक भोळा भालदार होता. नाव जानबा. भालदार तो नाटकातला, देवीच्या उत्सवापुरता. पण भाला धरून उभं राहण्याचा मान त्याच्या घराण्याचा, म्हणून त्याला काढता येत नसे.

नाटक दरवर्षी अच्युतमास्तर लिहीत. रडवायला म्हणून लिहीत. आणि लोक दरवर्षी हसत. यंदा पंचांनी बजावलं, "मास्तर, या खेपेला कोणी रडलं नाही, तर पुढल्या वर्षापासून नाटक बंद. भजन ठेवू."

मास्तरांच्या बायकोने, कावेरीकाकूंनी, सोळा सोमवार धरले. मास्तर स्वतः तालमीला बसू लागले.

पहिल्या दिवशी राजा झालेल्या रघू शिंप्याने गरजून विचारलं, "कोण आहे रे तिकडे?"

"मीच की रघूभाऊ! सकाळी विहिरीवर भेटलो नाही का?"

मास्तर कडाडले, "कागदावर आहे तेवढंच बोलायचं! एक अक्षर जास्त नको."

"बरं," जानबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर राजाला मरून दाखवत होते. उपरण्याचं टोक समईवर गेलं. धूर निघाला. जानबा बघत राहिला. अर्धं उपरणं जळाल्यावर मास्तर मेलेले उठले.

"मेल्या, सांगायचं नाही?"

"कागदावर नव्हतं."

"अरे, जाळ दिसला की आधी पाणी ओतावं!"

"बरं."

तिसऱ्या दिवशी सोमवार. काकू उपाशीपोटी आल्या. नाटकाची वही पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, कापूर लावला. जाळ दिसताच जानबाने कळशी उपडी केली. तिसरा अंक शाईसकट वाहून गेला. नटांनी मनातल्या मनात देवीला हात जोडले. तो अंक कोणाचाच पाठ नव्हता. काकू मात्र हमसून हमसून रडू लागल्या. जानबा कळशी धरून उभा.

"खांबासारखा उभा काय राहतोस?" मास्तर ओरडले. "माणूस रडत असलं की जवळ जावं. समजूत घालावी. काही झालेलं नाही, हे पटवून द्यावं!"

"बरं."

मास्तरांनी तिसरा अंक पुन्हा लिहिला. घाईत लिहिला, म्हणून चांगला झाला.

उत्सवाच्या दिवशी राजा बाण लागून पडला. मांडव चिडीचूप. मग एक आजी मुसमुसल्या. मग पंचांनी नाक ओढलं. बघता बघता सारा मांडव रडू लागला. विंगेत काकूंनी डोळे मिटून हात जोडले. मास्तरांचा ऊर भरून आला.

जानबाला मात्र राहवेना. भाला खाली ठेवून तो पुढे आला.

"आयाबायांनो, रडू नका! राजाबिजा कोणी मेला नाही. हा आपला रघू शिंपी. तुमची पोलकी शिवतो तो. हे बघा!"

आणि त्याने राजाच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. राजा खिदळत उठून बसला. मांडव हसून हसून लोळला.

विंगेत मास्तर डोकं धरून ढसाढसा रडत होते. जानबा धावत गेला. शेल्याने त्यांचे डोळे पुसत मायेने म्हणाला, "अहो मास्तर, लोकांचं एक वेळ ठीक आहे. पण तुम्ही तर स्वतः लिहिलंय ना हे? मग तुम्हीच खरं कसं धरलंत?"